डावी वहाण

तुटलेली वहाण शिवून होईपर्यंत सेतुराम राजवाड्याजवळच्या दुकानात अनवाणी बसला होता. दुपारच्या उन्हाने डोळे मिटत होते, कान मात्र जागे होते. शेजारी एक म्हातारी आणि तिची लेक वसुमती म्हातारीच्या नवऱ्याच्या उद्याच्या वर्षश्राद्धाला दान द्यायच्या वहाणा बघत होत्या.

“आई, दान घेणार भटजी, पण घालून चालायचं अप्पांनीच ना?”

“म्हणून तर माप त्यांचं. डाव्या पायाची दोन बोटं बसऱ्याच्या लढाईत गेली, हे सांग दुकानदाराला. डावीचा पट्टा आवळून हवा.”

“तिथं देह अख्खा मिळतो म्हणे. बोटंसुद्धा.”

“खरंच?”

“भटजीच म्हणाले.”

“बरं झालं गं. त्या नसलेल्या बोटांना खाज यायची. मी हवेतच खाजवायची, की हसायचे.”

“आणि वहाण घासत यायचे.”

“गल्लीच्या तोंडाशी सर्र सर्र ऐकलं, की मी तव्यावर दोसा घालायची. पाय धुऊन येईतो पानात.”

“मग दोन्ही सारख्याच सांगू?”

“सांग... नको, थांब. मी तिथं गेल्यावर, ते आले हे मला कळायचं कसं?”

म्हातारीने डावी वहाण हातात घेतली.

“डावी जरा सैलच असू दे.”