फ्रेंच संत

क्रॉयडनच्या ट्राममध्ये मागच्या सीटवरून मायलेकींचं मराठी ऐकू आलं आणि श्यामलाताईंनी कान टवकारले.

“आई, मंडळाच्या पोस्टरवर माझ्या टॉकचं नाव ‘फ्रेंच संताचं चरित्र’ का आहे?”

“मीच सांगितलं तसं. पीएचडी कशावर करते, विचारत होते सगळे.”

“पण तो तर चावट कादंबऱ्या लिहायची.”

“लिहायचा. आणि हळू बोल.”

“जेलमध्ये पण गेला त्यासाठी.”

“संतही जातात. तेवढंच सांग रविवारी.”

“तुला माझी लाज वाटते ना?”

“तुझी नाही गं. चार वर्षांत एकदाही तुला विचारलं नाही, नक्की काय लिहितेस ते. मग संत सोपा वाटला.”

“आता विचार.”

“इथे?”

“इथे मराठी कोणाला कळतंय?”

श्यामलाताईंचा स्टॉप आला. उठलं तर मंडळातला ओळखीचा चेहरा दिसेल, म्हणून त्या बसूनच राहिल्या.