अण्णांनी पेटीवर हात ठेवला

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … ताई! बोल, बोल… मिळाला ना निरोप? … अगं नाही, नाही, ऐक ना आधी. अण्णा बरे आहेत. शप्पथ. इथेच बसलेत, माझ्या गाळ्यात, स्टुलावर… हॉस्पिटल कशाला गं… दुपारचे तीन वाजलेत, जेवलेत, पान खाल्लंय. तू बस बघू आधी. बसलीस?

… हो, चुकलंच माझं. 'अण्णांचं काम आहे, लगेच फोन कर' असा निरोप द्यायला नको होता. कुणालाही तेच वाटेल… पण काम खरंच अण्णांचं आहे, ताई.

… थांब, कटर चालू आहे, बंद करतो… हं. आता बोल.

… तुझ्याशीच. हो, तुझ्याशी. … अगं, फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही ते माहितेय मला. तू मधे तोडू नको ना, सुरुवातीपासून सांगतो.

शीव कोळीवाड्याचा चंदू आहे ना एक… नाही, तू नाही ओळखत. मासळीचा धंदा आहे त्यांचा. त्याची सुमो आलीय माझ्याकडे. शनिवारी त्याच्या बहिणीची हळद आहे, गाडीत सबवूफर बसवून पाहिजे… अगं, मोठा स्पीकर. नुसता खालचा आवाज देणारा, ढम्म ढम्म… हो, छातीत बसतो, तोच. त्याची पेटी मी बनवतो. स्पीकर कितीही भारी घे, पेटीतून हवा पळाली की सगळं फुकट.

तर पेटी झाली. जाड एमडीएफची फळी, फेविकॉल, स्क्रू, सगळं नीट. मागची एक सीट काढून बसवली, वायर पुढे बॅटरीपर्यंत नेली, लावलं… तर फुर्र फुर्र. … हो, हवा पळत होती. पण कुठून? दोन दिवस शोधलं, ताई. अगरबत्तीचा धूर धरला, साबणाचं पाणी लावलं. सापडेना.

… येतो, येतो अण्णांवर. काल अण्णा डबा घेऊन आले. रोज येतात. डबा ठेवतात, तासभर बसतात, जातात. बोलणं म्हणजे 'हं' आणि 'नको'… आई गेल्यापासून जास्तच. तू बाराव्याला आलेलीस, त्यानंतर तर… बरं, ते राहू दे. राहू दे म्हटलं ना.

काल काय झालं, पेटी वाजत होती, मी वैतागून बाजूला उभा. अण्णा स्टुलावरून उठले. सुमोत वाकले आणि पेटीवर तळवा ठेवला. असा सरकवत सरकवत नेला खाली… आणि म्हणाले, 'हय. खालचो सांधो.' … अगं, बरोबर! स्पीकर काढून आत हात घातला, केसाएवढी फट. फेविकॉल भरलाच नव्हता तिथे. … मीही तेच विचारलं. तोंड समोर करून, सावकाश, ते ओठ वाचतात ना. म्हणाले, गिरणीत साचाखात्यात, मागांच्या खडखडाटात, कोणाचे कान चालत होते? कुठला साचा बिघडतोय ते हातालाच कळायचं.

… हो ना, एवढं मोठं वाक्य!

फट भरली. आज सकाळी सुकल्यावर परत बसवली. अण्णा आज डब्याची वेळ व्हायच्या आधीच हजर. सरळ जाऊन सुमोत मागे बसले, पेटीला पाठ लावून. म्हणाले, 'लाव.' लावला. … नाही गं, गाणं कसलं, टेस्टची सीडी असते, नुसता ढम्म ढम्म बास. मी आवाज वाढवला तसे डोळे मिटले त्यांनी. मांडीवर दोन्ही तळवे पसरलेले, असे… चालत्या साच्यावर ठेवावे तसे. आणि पाणी यायला लागलं डोळ्यांतून. मी घाबरून बंद केला तर ओरडले, 'चालू ठेव!'

… हो. रडत होते. … मी पण पहिल्यांदाच बघितलं, ताई. संपात नाही, गिरणीनं परत घेतलं नाही तेव्हा नाही, आईच्या वेळी पण नाही.

मग विचारलं त्यांनी, गाडी कुणाची. मी सांगितलं, चंदूची, बहिणीची हळद आहे त्याच्या. तर सुमोतून उतरून स्टुलावर बसले. आणि म्हणाले, 'बकुळाक फोन लाव.' … का ते नाही सांगितलं. म्हणाले, तिला सांगायचंय एक. मी म्हटलं, मला सांगा, मी सांगतो तिला. तर म्हणाले, 'तिका ऐकाक येता ना? मग झाला.'

… ताई, ऐक. ऐक ना… हो, मला माहितेय. तुला नववीतून काढलं आणि मला शाळेत ठेवलं. मी कधी नाही म्हटलं त्याला? तुला गावी आत्याकडे पाठवलं तेव्हा मी सातवीत होतो, एस्टीला सोडायला आलो होतो. तू खिडकीतून बघितलंसुद्धा नाहीस… मी त्यांची बाजू घेत नाही. … नाही घेत. संप होता, घरात चूल पेटत नव्हती, हे तूच मला सांगायचीस… बरं. बरं, नको बोलूस तू. नुसती ऐक. त्यांना कळणार पण नाही तू आहेस की ठेवलास. पण ठेवू नको. माझ्यासाठी.

… देतो हं त्यांच्याकडे. अण्णा, धरा. उलटा नाही, असा. हं. बोला.

…

बकुळा? … बाय, मी अण्णा. माका काय एक ऐकाक येणा नाय. तू आसस की ठेवलंस ता पण कळणा नाय. मी आपलो बोलतंय.

तुका गावाक धाडलंय, त्याच्या आदल्या आठवड्यात तुझी शाळेतली बाई घराक इली होती. ती गिरगावची, जाड चष्म्याची. तू नळावर गेलेलंस. … ती म्हणाली, बकुळा हुशार हा, तिका काढू नको. दहावी होईपर्यंत माझ्या घरात ऱ्हवांदे. माझ्या दोन चेडवांबरोबर तिसरा.

मी काय म्हटलंय म्हायत? म्हटलंय, गिरणी बंद पडली हा, मी मेलंय नाय. माझा चेडू दुसऱ्याच्या दारात ऱ्हवाचा नाय.

ती बाई रडान गेली. तुझ्या आवशीक मी सांगितलंय, ह्या बकुळाक कळता नये. … ती गप ऱ्हवली. मरेपर्यंत गप ऱ्हवली ती.

तुका वाटता संपान तुझी शाळा गेली. सगळ्यांका तसाच वाटता. तसा नाय, बाय. संपान माझी नोकरी गेली. तुझी शाळा माझ्या ताठ्यान गेली. संपाच्या नावामागे मी लपान बसलंय, इतकी वर्सां.

… झाला. एवढाच सांगूचा होता. … तुका काय बोलाचा असला तर बोल. माका ऐकाक नाय येवचा. तरी बोल. मी धरून ऱ्हवतंय.

…

…

घे रे, जगदीश.

…

ताई? … ताई, मी आहे, जगदीश… आहेस ना? … हो. … हो, रड. मी थांबतो.

… नाही गं. आत्ताच ऐकलं मी पण. तुझ्याबरोबरच. … आईला माहीत होतं, हो. मी पण तोच विचार करतोय. तुझ्या लग्नात सारखी म्हणत होती, 'बकुळाचा रवला, बकुळाचा रवला.' मला वाटायचं, दागिने करायचे राहिले, त्याचं म्हणते.

… काय? … ताई, ते माझ्या तोंडाकडे बघतायत. विचारतायत, ती काय बोलली. काय सांगू? … जसं आहे तसं? … बरं.

अण्णा. इकडे बघा. बकुळा म्हणते… राग आहे. … राग. … नाही, कमी नाही झाला. आज वाढला, म्हणते.

… मान हलवली, ताई. 'बरोबर हा' म्हणतायत. … नाही, रडत नाहीत. नीट बसलेत.

… हं? … कोण, त्या बाई? … मला काय ठाऊक, असतील की. साठ-पासष्टच्या असतील आता फार तर… थांब, विचारतो. अण्णा! त्या बाई… गिरगावात… कुठे राहायच्या? बकुळा विचारते. तिला भेटायचंय त्यांना.

… अं? … काय म्हणता? … कधी? …

ताई… ताई, अण्णा म्हणतात, वाडी माहितेय त्यांना. तुला पाठवल्यावर दिवाळीच्या आधी चालत गेले होते तिथपर्यंत. लालबागहून चालत. बाईंना सांगायला, की पोरीला परत आणतो, ठेवून घ्या. … नाही गेले आत. वाडीच्या तोंडाशी उभे राहिले अंधार पडेपर्यंत, आणि परत आले.

… हॅलो? … ताई, आहेस ना? …

… हो. … कधी? … रविवारी? … ये ना. ये. … नाही, मी नाही येत, गाळा आहे. … त्यांच्याबरोबर? तुम्ही दोघंच? … ताई, ते एक अक्षर बोलणार नाहीत वाटेत, सांगून ठेवतो. … तू पण नाही बोलणार. बरं.

अण्णा. रविवारी. बकुळा येते. तुम्ही वाडी दाखवायची तिला. … हो, तुम्हीच. … आत जायचं ह्यावेळी, असं म्हणते.

… 'जातंय' म्हणाले, ताई.

… परळ डेपोलाच उतर. … सकाळी सहाला? आम्ही उभे असू. … हो, दोघंही. … नाही, मी नाही ठेवत. तू ठेव आधी. … ठेव, ताई.