उघाडीची फळी

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष माननीय दिनानाथशेठ, व्यासपीठावरील सरपंच मृणालीताई, देवळाच्या समितीचे पंच आणि समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो. आधी उशिराची माफी मागतो. हे भाषण महिनाभर आधी लिहून समितीला दाखवायचे होते. ते आज सकाळी लिहिले. चौथी शिकलेला माणूस, लिहायला वेळ लागतो. निकेत, माईक खाली कर रे बाबा. मागे ऐकू जाते ना?

अध्यक्षांनी माझे फार कौतुक केले. मिठागरात पाटी वाहणारा पोर, मग ट्रकवर क्लीनर, आज सहा ट्रेलरचा मालक, गावदेवीचे देऊळ बांधणारा. सगळे खरे आहे. पण ते माझ्या गरिबीबद्दल बोलू लागले तेव्हा मला खुर्चीत बसवेना. त्या गरिबीत माझ्यामुळे एक घर गावातून उठले, हे त्यांना माहीत नाही.

आताच्या मुलांना उघाडी ठाऊक नसेल. खाडीचे पाणी अडवणाऱ्या आपल्या खारबांधाला लाकडी दार होते, तीच उघाडी. भरतीआधी फळी खाली टाकायची, ओहोटीला वर काढायची. त्यावर सगळ्यांचा भात. घरटी पाळी असे. भाद्रपदातल्या पौर्णिमेला पाळी होती सदाभाऊंची, आणि ते तापाने फणफणलेले. मी दहा वर्षांचा, बाप नसलेला, दोन दिवसांचा उपाशी. त्यांच्या बायकोने, सोनूबाईने, मला भाकरी वाढली. सदाभाऊ म्हणाले, "बाबाजी, खाऊन घे नि फळी टाकून ये. इसरशील न्हाय ना?"

"न्हाय, भाऊ."

विसरलो नाही. पण फळी वर असली की उघाडीच्या तोंडाशी चिंबोऱ्या येतात. घरी आईही उपाशी होती. म्हटले, अजून एक खेकडा धरू, अजून एक. तेवढ्यात पाणी चढले. फळीवर उभा राहून नाचलो, ती खाली जाईना. मी पळालो, घरी जाऊन आईला सांगितले. दुपारच्या त्या एका भरतीत चाळीस घरांचा पोटरीला आलेला भात खाऱ्या पाण्याखाली गेला.

पंचांनी विचारले, "पाळी कोनाची व्हती?"

"माजी," सदाभाऊ म्हणाले.

"तू गेला व्हतास का तितं?"

त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितले. "पाळी माजी व्हती म्हंतो ना. अजून काय सांगू?"

आईने माझा दंड असा आवळला की नखे रुतली. मी तिच्या मागे सरकलो. गावाने त्यांना वाळीत टाकले. आठ दिवसांनी सदाभाऊ, सोनूबाई आणि कडेवरची रंगू माणगावच्या बाजूला निघून गेली. "गाव बुडवून चालला, तोंड बगा!" असे लोक मागून ओरडत होते. त्यात मीही उभा होतो.

मंडळी, मग देऊळ कशासाठी बांधले? माझी श्रद्धा आहे, खोटे बोलत नाही. देवीनेच मला वर काढले. पण आजवर तिच्यासमोर नजर वर करता आली नाही. तिला सगळे ठाऊक आहे, आणि ती पंचांसारखी विचारतही नाही.

त्यांना शोधायला माणगावला दोनदा गेलो. बाजारात एकाने विचारले, "तुम्ही त्यांचे कोण?" मी गाडीत येऊन बसलो.

माझी सून अमिषा समोरून खुणा करते आहे, बाबा बस करा म्हणते. थांब गं, झालेच.

सदाभाऊ आता नसतील. रंगू असली तर सत्तरीला आली असेल. गाव तिच्या बापाने नाही, मी बुडवले, एवढे तिला माझ्या तोंडून कळायला हवे. तुमच्यापैकी कुणाच्या मुली, बहिणी तिकडे दिल्या आहेत. विचारा.

समितीने मान दिला, आपण ऐकून घेतले, उपकार आहेत. बोलण्यात कमीजास्त झाले असेल ते पोटात घाला. फळीचे तेवढे घालू नका. ते रंगूने ठरवायचे आहे. डॉक्टर मला फार दिवस देत नाहीत. तिचा पत्ता लागला तर लगेच कळवा, माझ्या घरी कुणीही केव्हाही या.