सदऱ्यावरच्या नऊ बिया

मंडळी, मायबहिणींनो,

मी वार्ताहर. माणूस गेला की त्याची चार ओळींत बातमी करायची, हे माझं रोजचं काम. इंदूआक्कांची बातमी मात्र अजून जमलेली नाही. पाठशाळेत संस्कृत घोकण्यात उमेदीची वर्षं घातली, आक्का मला 'पंडत'च म्हणायच्या, तरी आज शब्द हाताला लागत नाहीत. तेव्हा जे बोलेन ते सांभाळून घ्या.

आक्का दहा दिवस जालन्याला दवाखान्यात होत्या. सून वंदना उशाशी. इकडं राजुरात, घराच्या मागं, आक्कांची टमाट्याची झाडं पाण्यावाचून वाळली. अंत्यविधीनंतर वंदना मला म्हणाली, "भाऊ, आक्का तर गेल्याच. पण त्यांचं बियाणंबी माझ्या हातून गेलं."

वंदना, मी उभा राहिलो तो त्यासाठीच. एक गुन्हा कबूल करायचा आहे.

आक्कांचं टमाटं आपण सगळ्यांनी खाल्लंय. चपटं, घड्या पडलेलं, आंबट. बाजारात कुणी हात लावणार नाही. पण एकदा त्याची चटणी खाल्ली की बाजारातलं नको वाटतं. केदारखेड्याहून, माहेराहून, पदराच्या गाठीत आलेलं बी. हंगामातलं सगळ्यात देखणं फळ आक्का चिंधी बांधून राखायच्या. ते खायचं नाही, त्याचं बी धरायचं. हा नियम मला कळला, तो मोडल्यानंतर.

एका वर्षी रोग पडला. पानं आकसली, झाडं गेली, एकच फळ उरलं. मी त्यांच्याकडं गेलो होतो. आक्का चहा ठेवायला आत गेल्या. फळाला चिंधी बांधलेली. मला वाटलं, पाहुण्यासाठी खूण करून ठेवलंय. वार्ताहरांना असं वाटतं. तोडलं आणि उभ्या उभ्या खाल्लं.

आक्का कपबशी घेऊन आल्या. माझ्या हातात देठ.

"खाल्लं?"

"फार छान होतं, आक्का."

"समदं?"

मंडळी, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कप खाली ठेवला. माझ्या तोंडाकडं नाही, छातीकडं पाहत म्हणाल्या, "पंडत, हलू नका. सदरा काढा."

रसाचा ओघळ सदऱ्यावर आला होता. मी बनियनवर उकिडवा बसलो. आक्कांनी सुईच्या टोकानं एकेक बी उचलली. नऊ निघाल्या. राखेत घोळवल्या, सावलीत सुकवल्या. नऊपैकी तीन उगवल्या. तीन रोपांवर अख्खा वंश! मंत्र नाही, तंत्र नाही. एक सुई आणि एक म्हातारी. मी आजही तो सदरा टाकलेला नाही. टाकवत नाही.

गल्लीत कुणी विचारलं, यंदा रोपं कमी का? माझ्यासमोर आक्का म्हणाल्या, "काय सांगू माय, बुलबुलानं खाल्लं. लई मोठा व्हता. चष्मा लावलेला." पण नाव? नाव शेवटपर्यंत घेतलं नाही.

पाठशाळेत आम्हाला बीजांकुरन्याय शिकवत. आधी बी की आधी झाड? विद्वान पिढ्यानपिढ्या भांडले. मी आक्कांना विचारलं. भांडी घासता घासता म्हणाल्या, "आधी दम धरावा. सगळ्यात चांगलं ते खाऊ न्हाई. मंग बी हाये न् झाडबी हाये."

बोला, यावर कोणतं भाष्य लिहायचं?

पुढच्या हंगामापासून आक्का दारोदार रोपं देऊ लागल्या. फुटक्या मगात, तेलाच्या डब्यात. तुम्हाला वाटलं, शेजारधर्म. कसला शेजारधर्म! माझ्यावरचा अविश्वास होता तो. मला स्वच्छ म्हणाल्या, "एकाच घरात ठिवलं तर वाटोळं करायला एक पंडत पुरतो."

वंदना, तुझ्या हातून काही गेलेलं नाही. ते कुणा एकाच्या हातात राहूच नये, अशी तजवीज त्या करून गेल्या.

आता एक विनंती. आक्कांनी दिलेलं रोप ज्यांच्या दारी आज जिवंत असेल, त्यांनी हात वर करावा. लाजू नका.

रहीमचाचा, तुम्हीसुद्धा? आणि मागच्या बाया... अहो, थांबा, मला मोजता येईना.

वंदना, मागं वळून बघ.

आता दोन मिनिटं आपण स्तब्ध उभे राहू. हात मात्र कुणी खाली घेऊ नका.