दोनशे मीटरचं घड्याळ

जावई : ...आणि मग मी ते फ्रिजमध्ये ठेवलं.

मावशी : घड्याळ? फ्रिजमध्ये? इतकी वर्षं या दुकानात घड्याळं दुरुस्त करतेय, पण फ्रिजमधून आलेलं हे पहिलंच.

जावई : गारव्यानं वाफ विरेल, असं वाटलं.

मावशी : विरते कुठली? काचेला चिकटून बसते. काटेसुद्धा अंधुक दिसताहेत. बरं, फ्रिजच्या आधी काय दिवे लावलेस?

जावई : तांदळाच्या डब्यात पुरलं होतं. पण सासूबाई भात टाकायला आल्या, म्हणून काढलं. मग बायकोचा केस वाळवायचा ड्रायर मारला.

मावशी : इस्त्रीच तेवढी राहिली.

जावई : गरम केली होती. धीर झाला नाही.

मावशी : उपकार झाले. आणि मुळात पाणी आत गेलं कसं? तबकडीवर चक्क दोनशे मीटर लिहिलंय.

जावई : तेच म्हणतो मी! दोनशे मीटर खोल समुद्रात चालणार आणि आमच्या बाथरूममध्ये बुडणार? मी फक्त ते घालून आंघोळ केली.

मावशी : गरम पाण्यानं?

जावई : चांगल्या कढत.

मावशी : आणि ही बाजूची किल्ली? बाहेर ओढलेली होती?

जावई : वेळ मागे पडली होती, ती लावायला ओढली होती. मग डोळ्यांत साबण गेला, आणि राहिलंच ते.

मावशी : वा! दार सताड उघडं टाकायचं आणि चोर आला म्हणून कुलपाला शिव्या घालायच्या.

जावई : मावशी, मला नंतर झापा. घड्याळ सासऱ्यांचं आहे. ते दुपारचे झोपलेत, उठायच्या आत परत खिडकीत ठेवायचंय.

मावशी : म्हणजे न विचारता आणलंस?

जावई : विचारून दिलं असतं होय! म्हटलं, ते घालून डोक्यावरून चार तांबे घ्यावेत, जरा धीर येईल. उद्या सासरे सगळं घर पोहण्याच्या तलावावर नेणार आहेत आणि मला खोल बाजूला ढकलणार आहेत. सगळ्यांसमोर.

मावशी : का रे बाबा?

जावई : मी पाण्याला घाबरतो. पायरीवर बसतो, पाय बुडवतो, बस्स. आता माझी पोरगीसुद्धा हसते. आणि सासरे पट्टीचे पोहणारे! तरुणपणी भर वादळात बोटीवरून उडी मारून त्यांनी बुडणारा माणूस वर काढला. तेव्हा हेच घड्याळ मनगटावर टिकटिक करत होतं. रोज जेवताना ऐकतो मी, घासागणिक.

मावशी : हेच घड्याळ? थांब, उलटं करते... अगं बाई!

जावई : काय झालं? गंज?

मावशी : गंज कसला. पाठीवर कारखान्याचा प्लास्टिकचा कागद आहे. नव्या घड्याळाला असतो तो. अजून काढलेला नाही.

जावई : ते वस्तू जपून वापरतात. आमचा रिमोटही पिशवीत असतो.

मावशी : असेल. पण हा कोपरा बघ, सुटलाय. आत ओल आहे, साबणही आहे. म्हणजे हा आजचा. तुझ्या एका आंघोळीत एवढा सुटला.

जावई : मग?

मावशी : मग वादळात काय झालं असतं?

जावई : कागद कधीच निघून गेला असता!

मावशी : आणि पट्ट्याच्या कड्यांत पांढरं दिसतंय ना, ते समुद्राचं मीठ नव्हे. वास घे.

जावई : पावडर! सासरे आंघोळीनंतर लावतात ती! आणि आंघोळीआधी घड्याळ काढून खिडकीत ठेवतात... मावशी, हे घड्याळ जन्मात पहिल्यांदा आज भिजलं!

मावशी : हळू बोल.

जावई : हळू का म्हणून? उद्या तलावावर सगळ्यांना हा कागद दाखवतो की नाही बघा!

मावशी : दाखव हो. आधी ते सुकू दे. कागद इथे काढून ठेवते. आता झाकण उघडायचं, आतली ओल वाळवायची, नवी रबरी रिंग बसवायची. तू गप्प बस तोवर... हं, झालं. आता या पाण्याच्या भांड्यात दाब देऊन बघू. बुडबुडे आले तर नापास. अरे, तू का श्वास रोखलायस?

जावई : आपोआप होतंय. मावशी... दारात बघा.

(सासरे काचेचं दार ढकलून आत येतात.)

सासरे : जावईबापू! कटिंग चहा प्यायला निघालो होतो, काचेतून तुमचं टक्कल चमकलं. एवढं वाकून काय बघताय? अहो, हे तर माझं घड्याळ! पाण्यात? काढा! काढा ते बाहेर!

मावशी : का हो? दोनशे मीटरवाल्याला एवढ्याशा भांड्याचं काय?

सासरे : तसं नाही, पण बऱ्याच दिवसांत त्याला सवय... आणि त्याच्या मागचा तो... तो...

मावशी : हा कागद?

सासरे : ...जावईबापू, तुम्ही पाहिलात?

जावई : पाहिला.

सासरे : अस्सं. मग उद्या सांगणार असाल सगळ्यांना. सांगा. फक्त नातीला नका सांगू हो. झोपताना रोज तीच गोष्ट मागते. तिच्यासमोर मान खाली गेली तर मला नाही सोसायचं.

जावई : बाबा, चुकलं ते माझं. न विचारता घड्याळ घातलं, आत पाणी जाऊ दिलं. मावशी, कागद होता तसा चिकटेल परत?

मावशी : कोपऱ्याला जरासा गोंद लावते. कुणाला कळणारसुद्धा नाही. आणि बुडबुडा एकही नाही. पास!

सासरे : एकही नाही? खरंच? बघा, मी म्हणत नव्हतो!

जावई : म्हणत होतात.

सासरे : जावईबापू, उद्या तुम्ही पायरीवरच बसा. खोलात काय ठेवलंय?

जावई : आणि तुम्ही?

सासरे : मी बसतो की शेजारी. तुम्हाला एकट्याला कंटाळा येत असेल.

जावई : पाय तरी बुडवाल ना?

सासरे : घोट्यापर्यंत. पण आधी तुम्ही बुडवा, आणि कसं वाटतं ते मला सांगा.