तीस वर्षं इकडं-तिकडं

…आन वर म्हणतो कसा, 'मामा, तीस वर्षं इकडं-तिकडं होऊ शकतं!' तीस वर्षं! आवो, तुमाला सांगतो, मी इचारलं हुतं रविवारी पाऊस पडंल का, येवढंच! आमच्या पायलचा साखरपुडा गच्चीवर ठेवलाय, मंडप ताडपत्रीचा घालू का कापडाचा? हुणाऱ्या जावयाला येवढंबी इचारू न्हाय व्हय?

चूक त्या अक्कलकोटच्या वीरभद्रप्पाची. स्थळ त्येनंच आणलं. 'पोरगं पावसात पीएचडी हाय!' मी म्हणलं, वा, सोलापूरला पाऊस सांगणारा जावई, आणि काय पायजे? नाव तरी बघा, ऋतुराज! मग कळलं, ह्यो जातो गुहेत. जितं पाऊस पडतच न्हाय तितं बसून पाऊस हुडकतो! छतातनं पाणी ठिबकतंय, त्यातला चुना साचतोय, त्येचा दगड हुतोय, थरावर थर… ह्यो त्यो दगड कापणार, थर तपासणार, आन सांगणार, चार हजार वर्षांमागं दुष्काळ हुता. नेमका कवा? तर तीस वर्षं इकडं-तिकडं! आन दुष्काळ? सोलापूरकरांना? आमाला दुष्काळ दगडातनं कळावा लागतोय व्हय?

मी म्हणलं, बाबा, चुनाच बघायचा तर आमच्या बोअरच्या नळाला बघ की! बादलीला बोटभर थर हाय, गिझर दोनदा मेला, सगळा इतिहास न्हाणीत पडलाय, गुहेत कशाला मरतो? तर ह्यो खरंच गेला न्हाणीत! बॅटरी घिऊन! नळाखाली वाकून म्हणतो, 'मामा, हा थर किती वर्षांचा असेल हो?' मी म्हणलं, तीस वर्षं इकडं-तिकडं!

बायको म्हणती, 'आवो, पोरगं लई शिकलंय, चिडू नका.' शिकलंय! दगड मोजायला सरकार पगार देतंय त्येला! दगडात चुना असतोय म्हणं, अन् ह्यो लावतोय सरकारला!

ठरवलंच मी, रविवारी चारचौघांत सोयरीक मोडायची. आन रविवारी… कापडाचा मंडप! असा आला पाऊस, असा आला! बासुंदीत पाणी, भटजी जिन्यात, पाव्हणे सतरंजी डोक्यावर घिऊन पळत्यात… आन जावईबापू? गच्चीच्या मधोमध, नव्या कुडत्यात, बाटली धरून पाऊस भरतोय! वरडतोय, 'मामा, ह्या पावसाची तारीख एकदम पक्की!' मोडतोच म्हणलं, आत्ताच मोडतो! गेलो तरातरा. बघतो तर पायल त्येच्या शेजारी, शालूसकट भिजत, दुसरी बाटली धरून… आन हसती. आवो, कॉलेज संपल्यापास्नं घरात तोंड पाडून बसलेली पोरगी, अशी खदखदून हसत हुती. काय मोडायचं?

झाला साखरपुडा. आता गल्ली इचारती, जावई काय करतो? गुहेत बसतो म्हणू? तोंड दावायला जागा ऱ्हाईल का? म्हणलं, पाण्याच्या खात्यात हाय. झालं! म्युन्सिपालटीच्या नळाला पाणी चार-चार दिसांनी येतंय, तुमाला म्हाईतच हाय. आता रोज सकाळी अख्खी गल्ली रिकाम्या घागरी घिऊन माझ्या दारात! शेजारची मायाक्का तर आतच येती, 'अण्णा, जावयाला इचारा की, पाणी कवा सोडणार?'

काय सांगू तिला? म्हणतो, इचारून सांगतो.