उद्याला ज्वारी किती दळायची

लिहून घ्या मॅडम, अख्ख्या सोलापुरात कडक भाकरीचा माझ्यासारखा कारखानदार दुसरा न्हाई — आता कारखाना म्हंजे मागल्या अंगनात चार चुली, आन् मला सादी भाकरी गोल थापता येत न्हाई, ते ऱ्हाऊ द्या. बसा की. काय म्हनालात, साठीच्या फुडच्या धंदेवाल्यांचा वर्ग? सोताचं नेतृत्व? लई मोठा शब्द हाय हो, आमच्या चौथीच्या पुस्तकात नव्हता — पाचवीच्यात असंल, तितं आमी गेलोच न्हाई. म्हंजे काय, सोताच सोताला उठवायचं, सोताच कामाला लावायचं? आमच्यात त्या कामाला मालकीनबाई हुती. माझी बायकू, चंद्रव्वा. ती ‘एळ्री’ म्हनली की हा तिप्पण्णा उठायचा — कन्नडमधनं उठवलं की मानूस लवकर उठतो, ह्ये शिकवा तुमच्या वर्गात. धंदा तिचाच. मी फकस्त गिऱ्हाइकाला हसवायचो. भाकरी वाळली का न्हाई ह्ये बघाया ती भाकरी कानाशी धरून मोडायची — कट्ट वाजली की डब्यात, न्हाई तर परत चुलीकडंला. मी बी करतो की आता! पन मोडताना माझंच तोंड चालू, आवाज कसला ऐकू येतोय? ओल्याच भरल्या. हाटेलातनं पेटी परत आली, बुरशी घिऊन. म्या म्हनलं, भाकरीला मिसरूड फुटलंय, लगीन करा तिचं — कुनी हसलं न्हाई.

दिवाळीत गेली ती. व्हय, गेली म्हंजे... गेलीच. जरा तो तांब्या द्या. बोलून बोलून तान लागलीय, दुसरं काय न्हाई.

तर तुमचा प्रश्न काय — निर्नय कोन घेतं? ही बघा, शिवम्मा दारात आलीच. भाकरी थापनाऱ्या बायांची म्होरकी. ती पेटी परत आल्यापास्नं रोज इच्यारती, ‘उद्याला ज्वारी किती दळायची?’ मी रोज सांगतो, ‘मालकीनबाईला इच्यारून सांगतो.’ पयल्या दिवशी बाया रडल्या. मग कसनुशा हसल्या. आता मान खाली घालून घरला जातात. चुली थंड हायत. आज सांगितलं न्हाई तर उद्यापास्नं दुसऱ्याकडं जानार म्हनं समद्या. जाऊ द्या की — मी काय कुनाला बांधून ठिवलंय? उठा मॅडम तुमी बी, वर्ग शिकनाऱ्याला लागतो, माझ्यासारख्या पोचलेल्याला न्हाई. आन् शिवम्मा, तू थांब गं जरा, मालकीनबाईला इच्यारून —

“काका, शिवम्मा मालकीणबाईंना विचारत नाहीयेत. तुम्हाला विचारताहेत.”